न निसवलेला मका

त्या हिवाळ्यात माझं घरच्या माणसांशी जेवढं वाजलं, तेवढं माझ्या लग्नाच्या बोलण्यांतही वाजलं नव्हतं. कारण काय, तर मक्याला तुरा येत नव्हता.

मी मंचरला एका लहानशा बियाणे कंपनीत काम करते. मक्याचे नवे वाण तयार करणं हे माझं काम. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. जास्त सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे स्वीट कॉर्न का?" आणि माझं डोकं फिरतं. आमचे साहेब हुशार आहेत, पण त्यांचा जन्म विक्रीत गेला. त्यांना वाण म्हणजे पिशवीवर छापलेलं चित्र वाटतं. चित्र काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वाण का होत नाही, हा त्यांचा माझ्याशी कायमचा वाद.

आदल्या पावसाळ्यात मी नवऱ्याबरोबर नाणेघाट बघायला गेले होते. परतताना घाटघरला एका घरी जेवलो. भाकरी मक्याची होती, पांढरी, आणि इतकी चवदार की मी तिसरी मागून घेतली. घरातल्या बाईंनी आढ्याला टांगलेली कणसं दाखवली. टणक पांढरा दाणा, वरून घट्ट आवळलेली सालं, वर्षभर टांगूनही भुंग्याचा पत्ता नाही. मी हावरटासारखी बघत राहिले, तेव्हा त्यांनीच हसून थोडी कणसं काढून दिली. म्हणाल्या, "न्या, पण खाली लावाल तर रागावू नका. हा लई उशिरा निसवतो."

मक्याला तुरा येणं, कणीस बाहेर पडणं, याला निसवणं म्हणतात. आणि हा मका खरंच गरवा होता, म्हणजे उशिरा येणारा. घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळतो की श्रावणात तुरा आला तर सगळा पराग धुऊन जाईल. त्यामुळे ज्या झाडांनी घाई केली त्यांचं बी राहिलं नाही. ज्यांनी थांबायचं ठरवलं त्यांचंच पुढे चालत आलं. झाड थांबतं कसं? ते रात्र मोजतं. पावसाळ्यात दिवस मोठे, रात्री लहान, तोवर ते नुसती पानं काढत उंच होत राहतं. दिवस आखडले, रात्री लांबल्या, की पानांकडून शेंड्याला निरोप जातो, शेंडा पानं काढायचं थांबवतो आणि आत तुरा धरतो. पाऊस ओसरलेला असतो तोवर. पटण्यासारखा हिशोब आहे.

पण खालच्या शेतकऱ्याला एवढी वाट बघून चालत नाही. त्याला मका काढून कांदा लावायचा असतो. म्हणून मी ठरवलं की या गरव्या मक्याचा आमच्या एका हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, पिवळ्या दाण्याच्या वाणाशी संकर करायचा. त्यातून पुढे कधीतरी दाणा घाटघरचा आणि घाई आमच्या वाणाची, असं झाड निवडता येईल. अडचण एकच. संकर करायचा तर दोघं एकाच वेळी फुलायला हवेत. पावसाळ्यात त्यांच्यात एवढं अंतर पडतं की एकाचा पराग संपून वाळतो तेव्हा दुसरा अजून पानंच काढत असतो. हिवाळ्यात मात्र रात्री लांब असतात. गरवा घाईला येतो. हळव्याला रात्रीचं काही पडलेलं नसतं, तो आपल्या वयाने निसवतो. तो थोडा मागून, दोन हप्त्यांत पेरला की दोघांची गाठ पडते.

एवढं साधं होतं. मी साहेबांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी विक्रीला येईल ना?"

जागा म्हणून मी माहेरचं रान निवडलं, आणि इथेच चूक झाली असं नवरा अजून म्हणतो. पिंपरी पेंढारला माझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, शेत आहे. पाणी आहे, जमीन चांगली, माणूस आपला. कंपनीने त्यातला एक तुकडा हंगामापुरता घेतला. दिवाळी झाल्यावर मी स्वतः उभी राहून पेरणी करून घेतली. एका आड एक ओळी, घाटघरचा आधी आणि हळवा मागून, दोन हप्त्यांत. पलीकडे दादाचा स्वतःचा मका होता, गाईंच्या मुरघासासाठी, म्हणजे आंबवून साठवायच्या चाऱ्यासाठी. त्याचा पराग उडून येणार हे माहीत होतं, पण आम्ही कणसाचे केस बाहेर पडायच्या आत त्यावर कागदी पिशवी चढवतो, त्यामुळे चिंता नव्हती.

"दादा, यातलं एकही झाड माझ्याशिवाय कोणी कापायचं नाही," मी बजावलं.

"अगं, मला काय येड लागलंय का?" दादा म्हणाला.

मंचरहून पिंपरी पेंढारला जाणं म्हणजे अर्धा दिवस. मंचरच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे अडकायचं, आळेफाट्याला बस बदलायची. मी आठवड्यातून एकदा जायचे. मधल्या काळात दादा फोनवर सांगायचा, "मका एक नंबर हाये." मला वाटायचं, माणूस आपला आहे, काळजी नाही.

याच दिवसांत वस्तीवर बिबट्याने वासरू नेलं. आमच्याकडे ही नवी गोष्ट नाही, पण या वेळी अगदी दादाच्या गोठ्याजवळून नेलं, आणि वहिनी तेव्हा गोठ्यातच धार काढत होती. तिने ते डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर तिने गावात जो काही आवाज उठवला त्याला तोड नव्हती. बायकांना घेऊन ग्रामपंचायतीत गेली आणि दिवा लागेपर्यंत उठणार नाही म्हणाली. आठवड्याच्या आत वस्तीवर एक उंच खांब उभा राहिला आणि त्यावर मोठा पांढरा फोकस. मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा वहिनीने मला अंगणात उभं करून तो दाखवला. भर दुपारी. बंद होता. तरी मी कौतुक केलं. मनापासून केलं. तो दिवा माझ्या मक्यावर पडतो की कुठे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी नेहमी दुपारी यायचे आणि उजेडी परत जायचे.

पुढे हळवा मका वेळेवर निसवला. पिवळे तुरे झुलायला लागले. घाटघरचा मात्र ढिम्म. हिरवागार, उंचच उंच, पानावर पान. शेंडा चाचपून बघितला तर आत तुऱ्याची गाठही लागेना.

"दादा, तू युरिया टाकलास का जास्त?"

"तू सांगितला तेवढाच."

"पाणी?"

"तू म्हणशील तवा."

"मग हा असा का?"

दादा कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाला, "काय वाईट हाये? केवढा वाढलाय बघ. तुरा नाय आला तर नाय आला. असा चारा कुठं व्हतो का?"

दादाला तो मका फार आवडायला लागला होता. शेतावर येणाऱ्या पाहुण्यांना तो मुद्दाम माझ्या ओळींत न्यायचा आणि म्हणायचा, "पावणं, हे आमच्या बहिणीचं संशोधन. बघा हाइट." पाहुणे झाडाला धरून फोटो काढायचे. मी सांगून थकले की हे संशोधन नाही, हा संशोधनाचा बोऱ्या आहे.

मी बियाण्यावर शंका घेतली. थंडीवर घेतली. दादावर तर घेतलीच, आणि त्यावरून आमचं असं वाजलं की तो दोन दिवस फोन उचलेना. शेवटी वहिनीने फोन केला. "वन्सं, कोपऱ्यातल्या काही झाडांना आलाय की तुरा. तुमी उगंच यांना बोलताय."

मी दुसऱ्या दिवशी निघणार, तर साहेबांनी विक्रेत्यांच्या मेळाव्याला पुण्याला पाठवलं. स्टॉलवर उभं राहून मी लोकांना पिशव्यांवरची चित्रं दाखवली. चार-पाच दिवसांनी पिंपरी पेंढारला पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बस आळेफाट्यालाच रखडली होती. कोपऱ्यात गेले. खरंच, घाटघरच्या काही झाडांना तुरे आले होते, कणसंही बाहेर पडली होती. आणि कणसाचे केस उघडे, कोणी पिशवी चढवलेली नाही, दादाच्या मुरघासाच्या मक्याचा पराग त्यांवर मनसोक्त पडलेला. म्हणजे त्या कणसांचा बाप कोण, तर चाऱ्याचा मका. माझ्या काही कामाची नाहीत.

"पिशव्या का नाही घातल्या? मी दाखवून दिलं होतं ना!"

"अगं, कणीस तर लागलंय!" दादा वैतागून म्हणाला. "आता आणखी काय पायजे तुला?"

मी बांधावर बसले. खरं सांगायचं तर रडायला आलं होतं. तेवढ्यात वस्तीवरचा दिवा लागला.

सगळं शेत पांढरंफटक उजळलं. आणि त्यात एक मोठी काळी सावली पडली, दादाच्या कांद्याच्या बराखीची, म्हणजे कांदा साठवायच्या लांबट शेडची. सावली रानात तिरकी पसरत कोपऱ्यापर्यंत गेली होती. तुरे आलेली झाडं त्या सावलीत होती. सगळीच्या सगळी. सावलीच्या कडेबाहेर एकाही घाटघरच्या झाडाला तुरा नव्हता. जणू कोणी रेघ मारली होती. मी उठून त्या कडेने चालत गेले. आत तुरे, बाहेर नुसती पानं. हळव्याच्या ओळींत मात्र उजेडातही तुरे, सावलीतही तुरे.

झाडाला रात्र मिळतच नव्हती. सूर्य मावळायचा आणि फोकस लागायचा. झाडाच्या मते अजून आषाढ चालू होता, पाऊस कोसळत होता आणि थांबणं शहाणपणाचं होतं.

मला आधी आनंद झाला. कारण कळलं की आनंद होतोच. मग लगेच कळलं की आता काय मागावं लागणार आहे, आणि कोणाकडे.

जेवताना मी विषय काढला. दादाने ताटाकडे बघत सांगितलं, "तुझ्या वहिनीशी बोल. माझी काय टाप न्हाई."

वहिनी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "म्हंजे दिवा बंद करायचा?"

"रोज नाही. थोडे दिवस. किंवा थोडा वेळ तरी."

"आन मी पहाटे धार काढायला अंधारात जाऊ? तुमच्या मक्याला तुरा यावा म्हणून?"

"वहिनी, तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणताय?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्यानं वासरू नेलं तवा माझ्यात आन त्याच्यात या ताटाएवढं अंतर व्हतं, वन्सं. तुमी नव्हता तिथं."

मला संताप येत होता. दादावर ओरडता येत होतं, साहेबांना मनात शिव्या देता येत होत्या, पण वहिनी बरोबर होती. बरोबर असलेल्या माणसाशी भांडण्याइतकं दमवणारं दुसरं काही नसतं.

साहेबांना फोन केला, तर ते खूश झाले. "लाइट आहे तर चांगलंच ना मॅडम? पीक जोमात येईल." मी सगळं पुन्हा समजावलं. ते म्हणाले, "मग गावाला सांगा ना दिवा हलवायला. आपण डायरी आणि टोपी देऊ सरपंचांना."

डायरी आणि टोपी न घेता मी सरपंचांकडे गेले. भला माणूस. चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण उजेडानं पीक वाढतं. तुमी उलटंच सांगताय."

"वाढतंय ना! वाढतंयच नुसतं. फुलत नाही."

ते विचारात पडले. मग मीच त्यांना आठवण करून दिली की ओतूरकडच्या रस्त्याला शेवंतीवाले शेतात रात्री बल्ब लावतात. ते कशासाठी? फूल लवकर येऊ नये, सणाला, लग्नसराईला यावं म्हणून. माझ्या मक्याचं अगदी तेच झालंय, फक्त बल्ब मी लावलेला नाही.

"अरे तिच्या!" सरपंच खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे ते त्यासाठी लावत्यात व्हय? मला वाटलं चोरांसाठी."

मला वाटलं, जिंकलं. पण सरपंचांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती जो भेटेल त्याला सांगितली. दोन-तीन दिवसांत गावात बातमी फिरली की नव्या दिव्याने पिकं फुलत नाहीत, मंचरच्या बाईने सिद्ध केलंय. आणि माझा फोन वाजायला लागला. एकाच्या टोमॅटोची फुलं गळत होती. दिव्यामुळे का? दुसऱ्याचा कांदा पोसत नव्हता. त्याचं शेत खांबापासून इतकं लांब होतं की तिथून दिवा दिसतही नसेल. एका बाईंनी विचारलं की कोंबड्या अंडी देत नाहीत, आणि सून रात्रभर मोबाइल बघते, तेही दिव्यामुळेच असेल का. मी प्रत्येकाला समजावत होते की सगळी पिकं रात्र मोजत नाहीत, आमचा हळवा मकासुद्धा मोजत नाही, हा डोंगरातला एकच असा आहे. कोणी ऐकत नव्हतं. गावात दोन तट पडले. वस्तीवरच्यांचं म्हणणं, दिव्याला हात लावाल तर याद राखा. मळ्यातल्यांचं म्हणणं, दिवा काढा. आणि दोन्ही बाजू माझं नाव घेऊन भांडत होत्या. वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. तिला वाटलं, घरात ऐकलं नाही म्हणून मी गाव पेटवलं.

मधल्या काळात मी हातावर हात धरून बसले नव्हते. ज्या दिवशी सावली बघितली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पाटाच्या कडेला मोकळ्या पट्ट्यात हळवा मका तिसऱ्यांदा पेरला. गरवा आता उशिरा निसवणार हे उघड होतं, तेव्हा त्याच्यासाठी ताजा पराग हवा होता. मग उजेड अडवायला पडदा उभारला. वासे रोवले आणि दादाकडे पडलेले जुने फ्लेक्स त्यांना बांधले. वाढदिवस, दशक्रिया, निवडणूक, सगळे एकाशेजारी एक, काळ्या बाजूने खांबाकडे तोंड करून. फार छान सावली पडली. वारा आला आणि एका फटक्यात निम्मे फ्लेक्स फाटून शेजारच्या उसात गेले. आम्ही पुन्हा बांधले. तेवढ्यात पडद्यामागच्या ओल्या मातीत बिबट्याच्या पावलांचे ठसे सापडले.

वहिनीने अखेर मौन सोडलं. "आता त्याला बसायला मांडव पण घालून दिला तुमी."

पडदा त्याच दिवशी उतरवला. दुसऱ्या दिवशी तिथे वनखात्याचा पिंजरा आला, नेमका माझ्या ओळींच्या तोंडाशी, आणि पिंजरा बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं. बिबट्या आला नाही. माणसंच येत होती. मक्यात शिरून पिंजऱ्याबरोबर सेल्फी काढत होती. कडेच्या दोन ओळी भुईसपाट झाल्या. मी कोपऱ्यात हात जोडून उभी होते आणि म्हणत होते, "भाऊ, पाय जरा बघून टाका." एकाने मलाच विचारलं, "तुम्ही इथल्या का? वाघ कधी येतो?"

त्या दिवशी मी ठरवलं की हा हंगाम सोडून द्यायचा. संध्याकाळच्या बसने परत जायचं आणि साहेबांना सांगायचं, जमलं नाही. पिशवी उचलायला घरात गेले तर वहिनी वायरमनशी भांडत होती. दिवा अधूनमधून विझायचा म्हणून त्याला बोलावलं होतं.

"अहो, पण दिवा हाय कुठं आन गोठा हाय कुठं?" ती म्हणत होती. "निम्मा उजेड रानात जातोय. गोठ्याच्या मागं अंधारच हाये. मी पयल्या दिवसापास्नं सांगतेय, तोंड इकडं फिरवा म्हणून."

"वहिनी, रस्त्यावरून दिसला पायजे म्हणून तसा बसवलाय," वायरमन म्हणाला.

"रस्त्यावर वासरं बांधत्यात का कुणी?"

मी दारात उभीच राहिले. इतके दिवस आम्ही दिवा असावा की नसावा यावर भांडत होतो. त्याचं तोंड कुठे असावं, हे तिने सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं. मी मध्ये पडले तर पुन्हा गावभर चर्चा होईल, या भीतीने मी स्वयंपाकघरात जाऊन वायरमनसाठी चहा टाकला.

तो खांबावर चढला. दिव्याचं तोंड गोठ्याकडे वळवलं, खाली झुकवलं, आणि वहिनीने सांगितलं म्हणून रानाच्या बाजूला पत्र्याची एक झापही ठोकली. दिवा लागला तेव्हा गोठ्याची मागची भिंत लख्ख दिसत होती. रान काळंकुट्ट. वहिनी पदराला हात पुसत माझ्याजवळ आली. तिने मक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"झालं का तुमच्या मनासारखं?"

"झालं."

"मग आधी बोलला असता तर इतके दिवस फुगून बसायची येळ आली नसती," ती म्हणाली, आणि आत गेली. फुगून ती बसली होती. पण मी वाद घातला नाही.

झाडांना रात्र मिळाल्यावर त्यांनी फार वेळ लावला नाही. तीन-एक आठवड्यांनी शेंडा चाचपला तर आत तुरा टपोरा लागत होता. मी हरखून फोन केला, "दादा, आला! पाटाजवळचा हळवा कसा आहे?"

पलीकडे दादा नुसता खाकरला.

"दादा?"

"तो पाटाजवळचा लहान व्हता ना गं? पिचका. मला वाटलं नंतर पेरलेला, वाया गेलेला हाये. गाईला हिरवं नव्हतं दोन दिवस..."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिल्या बसने गेले. पट्टा सफाचट. नुसते बुडखे. गाई दारात निवांत रवंथ करत होत्या. दादा माझ्यामागून येत होता, पण अंतर ठेवून. शेवटी वहिनीनेच पाटाच्या वळणावरून हाक मारली. तिथे करंजाच्या झाडाखाली विळा पोचला नव्हता, आणि हळव्याची थोडी झाडं उभी होती, तुरे नुकते उमलायला लागलेली.

मग पुढचे दिवस मी माहेरीच राहिले. साहेबांना कळवलं की रजा समजा किंवा काहीही समजा. रोज सकाळी दव वाळलं की तुऱ्यावर बांधलेली पिशवी हलवायची, पिवळी भुकटी पिशवीत पडते ती घेऊन लगबगीने घाटघरच्या झाडाशी जायचं, कणसावरची पिशवी क्षणभर उचलायची, केसांवर भुकटी झटकायची, पिशवी पुन्हा बंद. ऊन चढलं की पराग मरतो, म्हणून घाई. वहिनी गोठ्यातलं उरकून यायची आणि माझ्यासाठी झाड वाकवून धरायची. ही झाडं इतकी उंच झाली होती की कणीस माझ्या डोक्याच्या वर होतं. दादाने न सांगता गोठ्यातलं स्टूल आणून ठेवलं आणि निघून गेला.

"एवढ्यासाठी एवढं?" वहिनीने एकदा विचारलं. पिशवी धरून तिचे हात पिवळे झाले होते.

"एवढ्यासाठीच."

"मी पोरं वाढवताना एवढी काळजी घेतली नाय," ती म्हणाली आणि हसली. कित्येक दिवसांनी हसली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कणसं काढली तेव्हा निम्मी अर्धवट भरलेली होती. काहींत तर तोंडातले दात पडावेत तसे तुरळक दाणे. पण जे होते ते खरे होते, बाप माहीत असलेले. ते मी पावसाळ्यात आंबेगावातल्या कंपनीच्या रानात लावले. ती पहिली पिढी एकसारखी आली, दोघांच्या मधोमध निसवली, ना लवकर ना फार उशिरा. साहेब बघायला आले आणि म्हणाले, "वा, झालं की! छापू या का पिशवी?" मी त्यांना सांगितलं की नाही, आता याच्याच बीपासून पुढची पिढी लावायची. तिच्यात सगळं विसकटणार, कोणी आईवर जाणार, कोणी बापावर, आणि त्यातून निवडायचं.

"विसकटू कशाला द्यायचं? आत्ता एकसारखं आहे ना?"

मी त्यांना पुन्हा कागदावर काढून दाखवलं.

पुढच्या पावसाळ्यात ती पिढी खरोखर विसकटली. एकाच ओळीत एका झाडाचा तुरा वाळलेला, शेजारच्याचा नुकता उमललेला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. काही कमरेएवढी, काही हात पुरणार नाही इतकी उंच. साहेब पुन्हा आले, बांधावरूनच बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, हे काय हो? आदल्या खेपेला किती सुंदर होतं."

जी झाडं आधी निसवली होती त्यांच्या देठांना लाल सुतळी बांधत मी ओळीतून पुढे गेले. साहेब मागून बांधाबांधाने येत होते आणि विचारत होते की निदान वर्ष तरी सांगा. सुतळी बांधलेल्या एका झाडाचं कणीस पुरतं पिकून वाळलं होतं. मी त्याचं साल बोटाने थोडं सोलून बघितलं. दाणा पांढरा नव्हता, पिवळा होता. मी सुतळी सोडली आणि पुढच्या झाडाकडे गेले.